दक्षिणेची खिडकी

बदनापुरातले आमचे शेजारी कुणाकडेही गेले, की पाण्याच्या पेल्याला हात लावण्याआधी खिशातलं होकायंत्र काढायचे. "चूल बराबर जागी न्हाई तुमची," म्हणायचे. बायकोचा दमा वाढला, तेव्हा त्यांना दोष सापडला तो दक्षिणेच्या खिडकीत. त्याच खिडकीतून त्या खाटेवर पडल्या पडल्या बोळापलीकडच्या माझ्याशी बोलायच्या.

"भाऊजी, जीव कोंडेल त्यांचा," मी म्हणाले.

"बिलकुल न्हाई, वहिनी. दुखण्याची वाट बुजवून राह्यलो." विटा त्यांनी स्वतः रचल्या.

पंधरवड्यात त्या गेल्या. तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी पहारीनं त्या विटा पाडल्या. मग रिकाम्या खाटेवर बसून माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हापासून मी माझी खिडकी उघडलेली नाही.