चिखल लावलेली बातमी

ही गोष्ट मी वीसेक वर्षं टाळली. बातमीदारीचे किस्से मी आवडीने सांगतो, नातवंडांना पाठ झालेत. पण बांधाची गोष्ट आली की मला हटकून खोकला येतो. आता वय झालं. खोकला खराच येऊ लागला आहे, तेव्हा सांगून टाकतो.

कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि पेणला घरी बसून बायकोचं डोकं खाऊ लागलो. तिनेच एकदा सांगितलं, "कुठं तरी जा वो, पण जा." रोह्यात तेव्हा केबलवर गावच्या बातम्या दाखवणारं एक छोटं केंद्र निघालं होतं. ते चालवणाऱ्या बाई पूर्वी रेडिओवर होत्या. त्यांना पेणकडचा बातमीदार हवा होता. मी एसटीने वडखळ, नागोठणे करत रोह्याला जाऊ लागलो आणि नातवंडं व्हायच्या वयात शिकाऊ झालो.

माझी पहिली बातमी अशी होती : "सदर रस्त्याच्या दुरवस्थेमुळे नागरिकांमध्ये तीव्र संतापाची लाट उसळली आहे." बाईंनी ती मलाच मोठ्याने वाचायला लावली. अर्ध्यात माझा दम संपला.

"वाचणाऱ्याला पान उलटून बघता येतं," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला नाही. कोणी काय केलं ते पहिल्या दमात सांगा. आणि मला पाठवायच्या आधी घरी वाचून दाखवा. घरच्यांनी ऐकून जी परत सांगितली, ती बातमी. बाकी सगळी तुमची हौस."

म्हणून मी घरी वाचू लागलो. बायको कोलंबी सोलत ऐकायची.

"म्हंजी वडखळच्या नाक्यावर खड्डे पडलेत, येवढंच ना?"

"हो."

"मग तसं सांगा की. ती लाट कशाला आणलीत मधी?"

वर्षभरात मी बरा लिहू लागलो. माझ्या काही बातम्या बाईंच्या ओळखीने रेडिओवरही गेल्या. त्या वाचल्या जाताना आम्ही दोघं रेडिओसमोर असे बसायचो, जणू घरात सत्यनारायण आहे.

माझी सासुरवाडी पेणच्या खाडीकाठची. तिथली भातशेती मातीच्या बांधाच्या आधारावर उभी. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग काही वर्षं गवतही धड उगवत नाही. बांधात एक लाकडी दाराची उघाडी असते. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला लावून घ्यायची. ती राखायचा मान गावकी एकाला देते, आणि तो एक नेहमी पुरुष. बायकोच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तो मान हवा होता. भरती-ओहोटी तिला घड्याळाशिवाय कळायची. पण गावकीत विषय काढला की पुरुष हसायचे.

एका उधाणाला बांधाला खांड पडली, मधला तुकडाच वाहून गेला. सकाळीच अक्काचा फोन आला.

"जावयबापू, बाप्ये समदे डोलवीच्या कंपनीत शिफ्टला गेलेत. आमी बायकाच चाललू बांधावर. तुमचा तो क्यामेरा घेऊन या. टीव्हीत दिसलू तर गावकीला हसाया येनार नाय."

मी रोह्याला फोन करून कॅमेरावाल्याला बोलावलं आणि धावत गेलो. पण सासुरवाडीत मी बातमीदार नव्हतो, जावई होतो. जावयाने चिखलात पाय घालायचा नाही, असा तिथला नेम. सासूबाईंनी मला ओटीवर बसवलं, पुढ्यात वडे ठेवले. तिकडे बायका रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होत्या, अक्का खांडीत छातीभर पाण्यात उभी राहून ते थापत होती. आणि मी वडे खात त्यांची आरडाओरड ऐकत होतो. सहा तरी खाल्ले असतील. चांगले झाले होते.

भरतीच्या आधी खांड बुजली. बायका घरी गेल्या. अंग धुवायचं होतं, चुली पेटवायच्या होत्या. कॅमेरावाला त्यानंतर उगवला. त्याला रोह्याची परतीची गाडी गाठायची घाई. तेवढ्यात शिफ्ट सुटून पुरुष आले आणि बांध बघायला गेले. चित्र नाही तर बातमी नाही, हे मी शिकलो होतो. मी पुरुषांनाच उभं केलं.

"जरा चिखल लावा हो अंगाला."

एकाने कंपनीची इस्त्रीची पँट सांभाळत दोन्ही गालांना चिखल असा अलगद लावला, जणू पावडरच. दुसरा ओरडला, "आरं, लग्नाला चाललास का?" सगळे हसले. मीही हसलो.

मी लिहिलं : "ग्रामस्थांनी एकजुटीने बांध वाचवला." त्या दिवशी बातमी घरी वाचली नाही. घाई होती असं मी बाईंना सांगितलं. खरं तर बायको काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

बातमी केबलवर गेली, रेडिओवरही गेली. अक्काने सगळ्या बायका जमवून टीव्ही लावला होता. नंतर मला म्हणाली, "जावयबापू, आमी कुठं हाव वो त्यात?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसली, "पन त्या इस्त्रीवाल्याला चिखल शोभतो हां!"

पुढच्या बैठकीत गावकीने उघाडीचा मान त्या चिखलगाल्यालाच दिला. टीव्हीत आला होता ना! तो शिफ्टला गेला की भरतीच्या वेळी दार लावायला अक्काच जायची. शेवटपर्यंत गेली. मान त्याचा, दार तिचं.

माफी मागायला मी कितीदा तरी गेलो. दारात पाऊल टाकलं की ती ओरडायची, "आलं गो, टीव्हीवालं आलं! वडं करा!" आणि जाताना हातात खाडीतल्या निवट्या माशांची पिशवी द्यायची. पिशवी घेऊन माफी कशी मागायची, ते मला जमलं नाही.

गेल्या वर्षी मी माफी बातमीसारखी लिहून काढली आणि बायकोला वाचून दाखवली : "काही कारणाने महिलांचा उल्लेख राहून गेला, याबद्दल खेद आहे."

बायकोने कोलंबी खाली ठेवली. "कारन कसलं? तुमी केलंत ना?"

मी पुन्हा लिहायला बसलो. ती माफी पुरी व्हायच्या आत अक्का गेली. बायकोने ऐकून जशीच्या तशी परत सांगितलेली बातमी ही अशी आहे :

फुटलेला बांध गावातल्या बायकांनी बांधला. अक्का खांडीत उभी होती. एकही पुरुष तिथे नव्हता. हे मला माहीत होतं, तरी मी पुरुषांना चिखल लावून उभं केलं आणि तुझा मान घालवला. अक्का, मी चुकलो.