गाडीखालची ओल

माझा थोरला भाऊ मालोजी हा चाकणातला सर्वांत कंटाळवाणा माणूस होता, आणि हे मी त्याची सख्खी बहीण असून सांगते. तंबाखू नाही, तमाशा नाही, कुणाशी वाकडं नाही. लढाईच्या दिवसांत पलटणीत मोटार हाकायला शिकला, परतल्यावर लष्कराच्या मोडीतली एक जुनी अमेरिकन मोटार घेतली आणि तिच्यावर भाड्याचा धंदा सुरू केला. कांद्या-बटाट्याचे व्यापारी पुण्याला जायला त्याचीच गाडी पसंत करायचे, कारण दादा वाटेत एक अक्षर बोलत नसे आणि त्यांना झोप छान लागे.

त्याचं एकच वागणं चमत्कारिक होतं. गाडीचा पाण्याचा पंप गळायचा. इंजिन तापू नये म्हणून हा पंप आतलं पाणी फिरवत ठेवतो. त्याच्या दांड्यापाशी एक नट असतो, तो जरा आवळला की गळती थांबते. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना झाला तेव्हा तिथले साहेबलोक दादाची गाडी मागवत, त्यांनीही त्याला हे सांगून पाहिलं. दादा मान हलवायचा आणि नट तसाच ढिला ठेवायचा. रोज सकाळी उठून, चूळही भरायच्या आधी, तो रेडिएटरमध्ये तांब्या-तांब्यानं पाणी ओतायचा. गाडी भाड्याला जाणार नसली तरी ओतायचा. अंगात ताप असला तरी ओतायचा.

गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी असे. वैशाखात सगळ्या गावाची माती भाजून निघायची तेव्हाही तिच्याखाली ओल असायची. टप, टप, दिवसभर. मी शेजारच्याच घरात राहायची, मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना चारचौघांत झाडायची. पण त्या ओलीवर पाय द्यायचं मी टाळत असे. कुत्री तिथलं पाणी पीत नसत. एक कावळा तेवढा यायचा, भर दुपारी, एकटाच, आणि एकदाही न ओरडता पाणी पिऊन जायचा. त्याच वेळी दादाची सासू, यशोदामामी, गाडीच्या पायरीवर बसून हळू आवाजात काहीतरी बोलत असायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची.

मामी म्हणजे आमची खरीच मामी. दादानं मामाची मुलगी केली होती, इंदू. त्यांची सुमन लहान असताना इंदू दुसऱ्या बाळंतपणात अडली. दादा तिला आणि मामीला गाडीत घालून पुण्याला निघाला आणि दिवस मावळायच्या आत इंदूचं प्रेत घेऊन परत आला. वाटेत काय झालं ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. 'सुमीला मी वाढवीन' म्हणून मामीनं हात जोडले. 'तिच्यावर सावत्र आई येणार नाही' असं माझ्या आईनं दादाच्या वतीनं सांगितलं. कावळे बाभळीवर बसून राहिले. उन्हानं भटजीही कातावले. शेवटी दादा उठला, पिंडापाशी वाकला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. तो मागे सरायच्या आत कावळा खाली आला. काय वचन दिलंस म्हणून आम्ही खोदून खोदून विचारलं. पण सांगेल तर तो दादा कसला.

वर्षं गेली. पाण्यानं पंपाचा दांडा खाल्ला. उभ्या गाडीचं इंजिन चालू असलं की आतून कुणी हुंदका द्यावा तसा आवाज यायचा आणि पुढचा पंखा डुगडुगायचा. गाडी तापून बंद पडायला लागली, तीही दर वेळी पुण्याला जाताना कुरुळीच्या माळावरच. मी वैतागून पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून तसल्याच गाडीचा चांगला पंप आणवला. दादानं तो गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात टाकला. अडलेल्या बाईला पुण्याला न्यायला तर तो कधीच तयार होत नसे. दारात गाडी असून गावातल्या बायका बैलगाडीत धक्के खात जायच्या, याची मला फार लाज वाटायची.

मग सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पुतळाबाई सुईणीनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "प्वार आडवं हाय. माज्या हातचं न्हाई. उद्या उजाडता पुन्याच्या इस्पितळात न्या. आन् यष्टीनं नगा नेऊ, धक्क्यानं वाटंतच घात व्हईल."

मी तशीच दादापुढे गेले. गोणपाटातला पंप काढून त्याच्या पायाशी ठेवला. "आज हा बसव," म्हटलं. "उद्या तुझी गाडी कुरुळीला बंद पडली तर..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. त्याचा चेहरा पाहून मला माझ्याच जिभेचा राग आला.

तो नट खोलायचे पाने घेऊन कामाला लागला. दुपार झाली होती, झाडाचं पान हलत नव्हतं. मामी नेहमीप्रमाणे पायरीवर बसलेली. दादानं रेडिएटरची तोटी उघडून पाणी घमेल्यात सोडलं. धार बारीक झाली, थांबली. त्यानं पट्टा उतरवला, पंखा काढला, रबरी नळी ओढून काढली. मग पंपाच्या नटाला पाना लावला आणि त्याचा हात थांबला. घमेल्याच्या काठावर तो कावळा येऊन बसला होता. मी हुसकला तरी उठेना.

"माज्यानं व्हायचं न्हाई, कुसुम," दादा म्हणाला. "ही गळती बंद केली तर तिला पानी मिळायचं न्हाई."

"कुणाला?"

मग त्यानं सांगितलं, हातातल्या पान्याकडे बघत सांगितलं. त्या दिवशी कुरुळीच्या माळावर गाडी तापली, रेडिएटरमधून वाफा निघाल्या. जवळ एकच कळशी होती. मागं इंदू पाणी मागत होती. पुढे मोशीला इंद्रायणी होती. गाडी तिथवर पोचली की पाणीच पाणी, असा विचार करून त्यानं अख्खी कळशी गाडीत ओतली. गाडी नदीपर्यंत पोचलीही. तो धावत खाली उतरला, कळशी भरून वर आला, तेव्हा इंदू गेली होती. तिचे ओठ कोरडे होते.

"दहाव्याला तिला म्हनलं, आता रोज पाजीन. थेंब थेंब का व्हईना, पर खंड पडू द्यायचा न्हाई. तवा शिवला कावळा."

मला रडू आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं हा माणूस एवढं ओझं एकटा वाहत होता आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणत राहिलो.

पण तो एकटा नव्हता. पायरीवरून मामी बोलली. "पानी तिनं तुमच्याकडं मागितलंच न्हवतं. माज्याकडं मागत व्हती. कळशी माज्या मांडीवर व्हती, घोटभर द्यायला काय झालं असतं? मीच म्हनलं, थांब बाई, आदी गाडीला पाजू दे. मीच तुमच्या हातात दिली कळशी."

दादा तिच्याकडे बघत राहिला. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, दोघांनी एकमेकांजवळ हा शब्द काढला नव्हता.

मामी उठली, गाडीच्या कडेला हात टेकून पंपाशी वाकली आणि अगदी रोजच्या सुरात म्हणाली, "इंदे, ही गळती आता बंद करतोय गं. सुमीला न्यायचंय." मग उत्तर ऐकावं तशी थांबली. थोड्या वेळानं मान हलवून दादाला म्हणाली, "काढा."

पंप सुटला तसं आतून पाणी आलं, तांबूस, गंजकं, मामीच्या पायांवर. इंजिनाच्या पोटात पाणी राहतंच, असं दादानं मला नंतर समजावलं. पण ते थांबेचना. कोमट होतं. उन्हातली गाडी, पाणी कोमट असणारच, असं मी मनाशी घोकत राहिले. मामीनं पाय हलवले नाहीत.

दुसरा पंप बसवताना मध्ये ग्रीस लावलेला जाड पुठ्ठा घालावा लागतो, तो दादानं कापून घेतला. दांड्याभोवती सुताची दोरी भरायची असते. तीच पाणी अडवते. ती मामीनं मांडीवर पिळून दिली, देवापुढची वात वळावी तशी. दादानं नट आवळला. दिवस मावळताना गाडी सुरू केली तेव्हा हुंदका आला नाही आणि खाली एक थेंब पडला नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगणात उभं राहवेना म्हणून मी घरात निघून गेले.

उजाडता निघालो. मागं सुमन, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मांडीवर कळशी घेऊन मामी. गाव सुटलं न सुटलं तोच कळा सुरू झाल्या. कुरुळीचा माळ आला. इंजिन बिनबोभाट चाललं होतं, उष्णतेचा काटा जागचा हलला नव्हता. डोळे मिटून कण्हणारी सुमन एकदम शांत झाली. डोळे न उघडता म्हणाली, "पानी."

दादानं गाडी जागच्या जागी उभी केली. मामीला कळशी उचलवेना, ती मी धरली. सुमननं ती तोंडाला लावली आणि श्वास न घेता पीत राहिली. अशा वेळी बाईला इतकं पाणी देऊ नये हे कळत होतं, पण मला तिला थांबवता आलं नाही. कळशीच्या तळाशी थोडं उरलं तेव्हा तिनं ती बाजूला केली, ओठ पुसले आणि म्हणाली, "आता गाडीला घाला."

सुमनला त्या जुन्या दिवसाचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आदल्या दुपारी आम्ही बोललो तेव्हा ती आतल्या खोलीत झोपली होती.

"गाडीला नगं," मामी म्हणाली. "गाडीला हाय तेवढं पुरं. समदं तुजंच हाय. तू पी."

तिनं उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. दादा पुढच्या काचेतून समोर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं गाडी चालू केली आणि मोशीच्या पुलावरून, नदीकडे न बघता, पुढे नेली.

दुपारी सुमनला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंना बराच खटाटोप करावा लागला, पण दोघी वाचल्या.

चाकणला परतल्यावर एकदा मुलीला मांडीवर घेऊन बसली असताना सुमन मला म्हणाली, "आत्या, तुमी समदी भारी कठोर बगा. त्या दिवशी वाटंभर माजा घसा नुसता कोरडा पडला व्हता. मी पानी पानी करत व्हते, आन् कुनी घोटभर दिलं न्हाई."

मी मामीकडे पाहिलं. तिनं उठून रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सुमनला प्यायला दिलं.