कानामात्राबाईंचा अर्ज

छापखान्यात तिला सगळे कानामात्राबाई म्हणत. मुद्रितं तपासताना तिच्या नजरेतून एक वेलांटी सुटेल तर शपथ. छापखाना मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. कागदांचे गठ्ठे घरीच यायचे, कारण घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि एकोणिसाव्या वर्षापासून तिचे स्नायू, तिच्याच शब्दांत, एकेक करून रजेवर चालले होते.

तिला उचलायला, आंघोळ घालायला, जेवू घालायला अक्का होती. नऊ वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. बावीस वर्षं तिनं धाकटीचं सगळं केलं. कुणी मदतीचं सुचवलं की म्हणायची, "आमचं छान चाललंय."

मग एका सकाळी न्हाणीघरात अक्काच्या पाठीत उसण भरली आणि दोघी ओल्या फरशीवर आडव्या झाल्या. शेजारीण येईपर्यंत तासभर तशाच पडून होत्या. "जळमटं काढायला झालीत," अक्का वर बघत म्हणाली. दोघींना हसू आलं. हसता हसता अक्का रडायला लागली. तिला रडताना धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात धाकटीनं अर्ज केला. अपंगांना स्वतंत्र राहता यावं म्हणून सरकारी खर्चानं मदतनीस मिळत असे. अकरा पानी छापील अर्जात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्याही तिनं सांगून दुरुस्त करवल्या. सात महिन्यांनी तपासणीला एक बाई घरी आल्या.

"काय काय जमतं तुम्हाला?"

"तसं सगळंच जमतं," ती सवयीनं म्हणाली. "अक्का आहे ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं लिहिलं तर काहीच मिळणार नाही. अक्का घरात नाहीत असं धरा, आणि तुमचा सगळ्यात वाईट दिवस सांगा."

धाकटीनं अक्काकडे पाहिलं.

"सांग की," अक्का म्हणाली. "मला काय नवीन आहे त्यात."

मग धाकटी दुसऱ्या कुणाचा मजकूर वाचून दाखवावा तशी सांगत गेली. दुपारनंतर ती पाणी पीत नाही, कारण लघवीला नेताना अक्काच्या पाठीत कळ येते. चेहऱ्यावर माशी बसली तर बसू देते. अक्का बाजारात गेली की एक ओळही तपासून होत नाही. जिन्यात पाऊल वाजेपर्यंत नुसती दाराकडे बघत राहते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"आठ-नऊ वर्षं झाली."

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पण भांडं एकही वाजलं नाही.

बाई गेल्यावर अक्का दारात येऊन उभी राहिली. "मला सांगायचं नाही?"

"तू आणखी काय करणार होतीस, अक्का?"



पूर्णवेळ मदत मंजूर झाली. धाकटीला वेगळं राहायला तळमजल्यावर रुंद दाराची एक खोली मिळाली, आणि सोबतच राहणारी, मुलं मोठी झालेली, शांत स्वभावाची एक मदतनीस. दुसऱ्याच महिन्यात धाकटी चाकाच्या खुर्चीतून छापखान्यात गेली. मालक चक्क उठून उभे राहिले. "तुमच्या दुरुस्त्यांच्या धाकानं तुम्ही धिप्पाड असाल असंच आम्ही धरून चाललो होतो," ते म्हणाले. त्या दिवशी ती मनापासून हसली.

अक्का आधी रोज यायची, मग आठवड्यातून एकदा. खुर्चीच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन, पाहुण्यासारखी बसायची. एकदा मदतनीस धाकटीचे केस विंचरत होती. "भांग तसा नाही पाडत," असं म्हणत अक्काचा हात पुढे आला. मदतनिसानं लगेच कंगवा पुढे केला. अक्कानं तो घेतला नाही. "नको, तुम्हीच करा. तुमच्या हाताला सवय हवी."

वर्षानं फेरतपासणी आली. अक्कालाही बोलावणं होतं. "त्या दिवशी मला काम आहे," ती म्हणाली. काम काही नव्हतं, हे धाकटीला माहीत होतं. बाईंच्या सगळ्या प्रश्नांना तिनं एकटीनंच उत्तरं दिली, आणि संध्याकाळी मदतनिसाकडून अक्काला फोन लावून घेतला.

"झालं?"

"झालं."

"काय काय सांगितलंस?"

"जे आहे तेच."



"बरं केलंस," अक्का म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.