तपकिरी म्हणजे कुठला?

आक्का गेल्याचा फोन शहापूरहून तिच्या सुनेनं केला, तेव्हा मी निपाणीच्या घरी भाजी निवडत होते. "शांतपणे गेल्या," सून म्हणाली. शांत... माझी थोरली बहीण आयुष्यभर शांतच होती. बोलायला तिला जागाच कुठं होती?

सत्तरच्या दशकात ती शहापुरातल्या विणकरांच्या घरात लग्न होऊन गेली. पुढं माग खडखडायचे, मागच्या खोलीत ती सुताच्या लडी रंगवायची. आमच्या तंबाखूच्या गावात तपकिरी म्हणजे डबीतल्या तपकिरीचा रंग. तिच्या सासूबाईंची तपकिरी चॉकलेटी निघायची, दाजींची काथासारखी तांबूस, आणि व्यापारी कन्नडात 'कंदु' म्हणाला की त्यात सगळंच मावायचं. कुणीही काहीही म्हणो, चुकायची ती आक्काच.

आमच्या वडिलांनी, आप्पांनी अंथरूण धरलं तेव्हा मी तिला न्यायला गेले. पिशवी घेऊन ती उंबऱ्याशी आली, तोच सासूबाई लडी घेऊन आल्या.

"ह्यो बदामी झालाय गं! लग्नाची साडी हाय. परत बुडीव, मग जा."

"आत्याबाई, तुम्हीच फिका कर म्हणालासा."

"फिका म्हंजे बदामी व्हय?"

दाजी मान खाली घालून माग चालवत राहिले. आक्कानं पिशवी ठेवली. लडी वाळली, तर म्हणे आता कॉफी झाली... संध्याकाळच्या एसटीनं मी एकटीच परतले. ती निपाणीला पोचली तेव्हा माणसं आप्पांना पोचवून परत आली होती. ती रडली नाही. रंगानं माखलेली नखं बघत म्हणाली, "त्यास्नी नक्की कुठला पायजे हुता, मला अजून कळलं न्हाय बघ."

त्यानंतर कुणी रंगाचं नाव घेतलं की ती हात पुढं करायची. "नाव नगं, धागा द्या." सासूबाई आधी भडकल्या, मग मुकाट नमुन्याचा धागा देऊ लागल्या. बोलणी थांबली, पण ती खोली काही सुटली नाही. माग बंद पडले तरी आक्का तिथंच निजायची.

बाराव्याला सुनेनं त्याच खोलीतलं आक्काचं कपाट उघडलं. "मावशी, आत्यांची तपकिरी साडी आठवण म्हणून न्या."

"कुठली?"

तिनं एकेक करत माझ्या मांडीवर ढीगच घातला. "ह्या सगळ्यांना त्या तपकिरीच म्हणायच्या."

पाहुणी म्हणून मी इतकी वर्षं पुढच्या सोप्यातच बसले होते. आता त्या साड्यांतली फिकी कुठली, गडद कुठली, काही कळेना. उजेडात धराव्यात म्हणून खिडकी शोधली.

त्या खोलीला खिडकीच नव्हती.