बुजवलेली भेग

मुंबईत मी राहतो ती इमारत जुन्या खाडीवर उभी आहे. मागच्या वर्षी पाण्याच्या लाइनसाठी आवारात खड्डा खणला, तेव्हा खालून तांबडा मुरूम निघाला. शेजारी प्लंबरशी हुज्जत घालत होते. मी मूठभर मुरूम उचलून घरात आलो आणि दार लावून बसलो.

हे शहर मुळात बेटांचं. टेकड्या फोडून मधल्या खाड्या बुजवल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. जवळच्या टेकड्या पुरेनात तेव्हा शहर कुठे वळलं, ते मी पाहिलं आहे. तो मुरूम आमच्याच डोंगराचा होता असं मी म्हणू शकत नाही. पण हातात धरवेना.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे, मुंबईच्या खाडीपलीकडच्या गडब गावाजवळच्या एका खाणीवर मी मुकादम होतो. डोंगराचा पायथा उभा कापायचा, मुरूम ट्रकमध्ये भरायचा, ट्रक शहराकडे. कापत कापत आम्ही पाच घरांच्या एका वाडीला जाऊन भिडलो होतो. त्यातलं एक घर माझ्या आतेचं. ती विधवा, एकटी. घरांपुढे खारी शेतं आणि त्यापलीकडे खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध.

पाऊस लागल्यावर काम थांबलं. यंत्र राखायला मी राहिलो. आषाढात एकदा माथ्यावर गेलो, तर वाडीच्या अगदी वर, गवतातून आडवी गेलेली भेग दिसली. चार बोटं रुंद.

आम्ही खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरची माणसं. बांधाला भेग दिसली की घरी विचारायला जायचं नसतं. तिथल्या तिथे चिखल कोंबायचा, टाचेनं दाबायचा. राहिली तर बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात नाही. मी तेच केलं. चिखल मळला, भेग भरली, टाचेनं दाबली आणि काम केल्याच्या समाधानात खाली आलो.

आते म्हणाली, "वर काय हाय रं? भिंतीतून माती गळते."

"काय नाय गो. भेग होती, बुजवली."

तिनं ते वाडीभर सांगितलं. "माझ्या भाच्यानं बुजवली," असं ती म्हणाल्यावर कोणी वर जाऊन पाहिलं नाही.

चार दिवसांनी चिखल खचला होता आणि भेग वीतभर झाली होती. मी पुन्हा भरली. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मला कळलं होतं. बांधावर पाणी बाहेरून चढतं. इथे ते डोंगराच्या आत शिरलं होतं, आणि माझ्या चिखलानं फक्त भेग झाकली जात होती. तरी आतेनं विचारलं की मी "बुजवली" एवढंच सांगायचो. खरं सांगितलं असतं तर वाडी उठली असती, खाण बंद पडली असती, मुकादमकी गेली असती. रोज सकाळी उठल्यावर आधी आतेच्या कौलांकडे बघायचो. आहेत, एवढं दिसलं की दात घासायचो.

चौथ्यांदा गेलो ती दुपार होती. चिखल नव्हताच. भेगेत दगड टाकला; आवाज आला नाही. मी घसरत, पडत खाली आलो.

वाडी लावणीला गेली होती. घरी आते सगळ्यांचं जेवण रांधत होती, शेजारची दोन पोरं तिच्याजवळ.

"आते, भायेर निघ! डोंगर येतोय."

"कुठं येतोय? तूच भेग बुजवलीस ना?"

"चिखल टिकला नाय."

"मग पुन्ना बुजव. मुकादम झालास नि चिखलाला लाजतोस व्हय? बस, भाताला उकळी आल्ये."

भिंतीतून माती भुरभुरत होती. माझ्या शब्दावर ती चुलीपाशी बसून राहिली होती. "मी खोटं बोललो," एवढं म्हणायचं होतं. तेही तोंडातून निघेना. मी ओरडलो, "आते, खांड पडली! बांध फुटला!"

पळी तिथेच टाकून तिनं एक पोर काखेत मारलं, घमेलं उचललं आणि माझ्याआधी बाहेर पडली. साठीची बाई, अनवाणी, शेतातून बांधाकडे. दुसरं पोर घेऊन मी मागे. लावणीवरची माणसंही फावडी घेऊन धावली.

बांध धड होता.

"कुठं हाय रं खांड?" तिनं धापा टाकत विचारलं.

ट्रक मुरूम ओततो तसा आवाज मागून आला. फक्त तो थांबेना. थांबला तेव्हा वाडीत दोन घरं उभी होती. आतेचं त्यात नव्हतं.

माणूस एकही गेला नाही. आते शेवटपर्यंत पाहुण्यांना माझा हात धरून सांगायची, "यानं खोटं बोलून वाचवलं." तिला माझं तेवढं एकच खोटं ठाऊक होतं. आधीची मी सांगितली नाहीत, आणि ती गेली.

यंदा आमच्या कुंपणाच्या भिंतीला भेग दिसली. वॉचमन घमेल्यात सिमेंट कालवून आला. मी त्याचं मनगट धरलं.

"साहेब, एवढीशी तर आहे."

"असू दे. आधी सगळ्यांना खाली बोलाव," मी म्हणालो. ते येईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.