घ्यायला गेले आणि वाटत बसले

आमच्या ह्यांची कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटली आणि बघता बघता कणकेच्या डब्यात वाटी तळाला वाजायला लागली. अमरावतीत आमच्या मागच्या गल्लीत चर्च आहे. तिथं रविवारी दुपारी अडल्यानडल्यांना धान्य देतात, धान्य बँक म्हणतात तिला. म्हटलं, जाऊन येऊ. ह्यांना सांगितलं नाही. ते सकाळीच काम पाहायला तिवस्याला गेले होते, आणि माणूस असा ताठ की कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आता चारचौघांत जायचं तर विटकं नेसून कसं जायचं? भाचीच्या लग्नातली मोरपंखी साडी काढली, कडक इस्त्री फिरवली. तिथंच घात झाला.

फाटकातून शिरले तोच चर्चच्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, बायकोनं हात धरला. "या वो ताई, बरं झालं आल्या! वाटाले माणूसच नाही आज." आणि माझ्या हातात तांदळाचं माप! मी तोंड उघडलं, पण समोर रांगेत आमच्याच गल्लीतल्या बाया. त्यांच्यादेखत काय बोलणार, कप्पाळ? मुकाट्यानं पदर खोचला.

मग मात्र माझी जीभ सुटली. मधेच घुसणाऱ्या एकाला असा झापला की तो पार शेवटी जाऊन उभा राहिला. एकाला तुरीची नको, चण्याची डाळ हवी. तुरीनं म्हणे छातीत जळजळते. "पाव्हणे, लग्नाच्या पंगतीत आले का?" म्हटलं. पण माझा सगळा जीव पोत्यात. पोतं बसत चाललं तसा माझा हात आखडत गेला. एक म्हातारी म्हणाली, "बेटी, जरा हात खुला रख." कसला खुला ठेवते माय, मला माझ्या चुलीची काळजी! पाळकबाई मात्र खूश. "ताई, किती अंदाजानं हात चालते वो तुमचा! दर रविवारी येत जा."

शेवटी एका पिशवीपुरतं धान्य उरलं. बाया बाजूला चहा पीत बसल्या होत्या. त्या गेल्या की पाळकबाईंच्या कानात सांगायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस मान खाली घालून पुढं आला. माझा नुसता जळफळाट. मेल्याला आत्ताच यायचं होतं!

"घरी कोण कोण हाय, भाऊ?" पाळकबाईंनी विचारलं.

"मी अन् बायको," तो पुटपुटला. "पण तिले सांगू नोका, बाई. तिवस्याले जातो म्हणून आलो मी. थे भल्ली मानी हाय. उपाशी राहील, पण असं घेणार नाही."

आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं माप खाली पडलं. त्यांनी वर पाहिलं. मला राग आला, हसूही आलं, आणि डोळे तर वाहायलाच लागले.

"लवकर आले वो तिवस्याहून?" मी म्हटलं.

"तू इथं काय करून राहिली?"

सगळ्या बायांनी माना वळवल्या होत्या. वळवू दे.

"घ्यायले आली," मी मोठ्यानं म्हटलं. "तुमच्यासारखीच."