पश्चिमेची पडवी

नव्वदीच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात ऊन आणि वारा शिकवायचो. विषयाचं नाव भारदस्त होतं, पण खरं सांगायचं ते एवढंच: घर असं बांधा की दुपारी पंखा न लावता माणूस आत बसू शकेल. मुलं जांभया द्यायची. घोडबंदर रोडला टॉवर उठायला लागलेले, त्यांना तिकडे नोकऱ्या हव्या होत्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा!

एकच मुलगी कान देऊन ऐकायची. कोलशेतची, कोळ्यांच्या घरातली. शेवटच्या वर्षाला तिने आपल्याच गावासाठी घरं काढली. पश्चिमेला खोल पडवी, तिला विटांची जाळी. ऊन बाहेर राहील, वारा आत येईल, बायकांना सावलीत बसून मासळी निवडता येईल. पुठ्ठ्याच्या मॉडेलपुढे उदबत्ती धरून ती हळूच फुंकर घालायची. धूर पडवीतून शिरून मागच्या खिडकीतून बाहेर पडला की ओरडायची, "सर, बघा, पळाला!" मला काय आनंद व्हायचा!

तिच्या घरी मात्र ठरलेलं होतं. वर्ष गेलं तर शिक्षण बंद आणि लग्न. मुलगाही बघून ठेवलेला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक टॉवरवालेच. आमच्याकडे रीत अशी की बाहेरचा परीक्षक बोलत असताना घरच्या मास्तराने तोंड उघडायचं नाही. चहा मागवायचा आणि मान हलवायची. तिने उदबत्ती काढली तर ते हसले. "पूजा घालतेस काय गं?" मग तिच्या शाईने काढलेल्या शीटवर, पडवीवरच, त्यांनी लाल पेन्सिलीने काट मारली. "एवढी जागा फुकट? इथे खोली काढ. समोर येऊरचा डोंगर आहे, अख्खी काच लाव. आठवड्याने दाखव, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

माझं डोकंच सणकलं. रीत गेली खड्ड्यात! म्हटलं, "साहेब, पश्चिम आहे ती. भट्टी होईल आत."

"एसी लावतील हो," म्हणाले, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

तडक प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी हात वर केले. मार्क बाहेरच्याच्याच हातात. डोंबिवलीला घरी आलो, पण जेवण गेलं नाही. बायकोवर उगाच खेकसलो.

आठवड्याने तिने नवं मॉडेल आणलं. पडवी गायब, पश्चिमेला चकचकीत प्लास्टिकची काच, खिडक्या एसीसाठी बंद. "आता कसं!" परीक्षक खूश झाले. पास.

सगळे गेल्यावर हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. तिने पर्समधून उदबत्ती काढून पेटवली, नव्या मॉडेलच्या दाराशी धरली आणि फुंकर घातली. धूर आत गेला आणि तिथेच कोंडला. ती बघत राहिली. मीही.

"सर," ती म्हणाली, "पास झाले ना मी?"

"झालीस गं," मी म्हणालो.